लाल रंग कुठे आहे?

प्रयोगशाळेत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे बुडबुडेवाली. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं. कामच तसं होतं तिचं. काचेवर चरबीचा पातळ थर वाळवायचा, त्यावर साखरेचं पाणी सोडायचं, की थर फुगून त्याचे गोल गोल बुडबुडे सुटत. नुसत्या डोळ्यांना दिसायचे नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र थाटात बसलेले असायचे. याच त्यांच्या कृत्रिम पेशी. ना जीव, ना आईबाप, नुसतं एक नाजूक कातडं आणि आत गोड पाणी.

पण त्या कातड्यातून आपल्याला हवा तोच रेणू आत पाठवायचा म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. त्यासाठी कातड्यात एक दार बसवावं लागतं. दार म्हणजे एक प्रथिन. ते कातड्यात रुतून बसतं आणि त्याच्या मधून बारीकशी वाट राहते. लहान रेणू त्या वाटेने आत जातो, मोठा बाहेर राहतो. कितीतरी महिने बुडबुडेवाली या दारापायी हैराण झाली होती. दार काही बसत नव्हतं.

घरीही काही धड नव्हतं. तिची एकुलती एक लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. मागच्या हिवाळ्यात लेकीला बघायला हिचा जीव इतका तुटायला लागला, की हिने सरळ फोन करून सांगितलं, छातीत दुखतंय. लेक बिचारी हातातलं काम टाकून, मिळेल त्या गाडीने धावत आली. बघते तर आई ओट्यापाशी उभी, तब्येत ठणठणीत, आणि शेगडीवर लेकीच्या आवडीचं सगळं रटरटतंय. लेक भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती मुकाट्याने जेवली, स्वतःचं ताट घासून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "आता तुला खरंच काही झालं, तर मी कशावरून ओळखू?"

दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि तेव्हापासून फोन उचलेना. हिने निरोप तरी किती पाठवावेत! लांबच लांब. माफी, खुलासे, लहानपणीच्या आठवणी, मधेच थोडा रुसवा, पुन्हा माफी. वाचल्याची खूण दिसायची, उत्तर नाही. दारामागच्या खुंटीवरचा लेकीचा टॉवेल ती अजून धुऊन वाळत घालायची. कोणी वापरलेला नसायचा, तरी धुवायची. आठवण अशी यायची की घास घशाखाली उतरत नसे.

आणि एके दिवशी सकाळी बुडबुडे हिरवे झाले.

प्रयोगशाळेतली पद्धत अशी होती, की बाहेरच्या पाण्यात दोन रंग घालायचे. हिरव्याचे रेणू लहान, लालचे मोठे. हिरवा आत गेला आणि लाल बाहेर राहिला, तरच दार बसलं म्हणायचं. त्या दिवशी बुडबुडेवालीने लाल घातलाच नव्हता. तो काय, नेहमी बाहेरच असतो, उगाच चित्र गढूळ करतो, असं तिने स्वतःला पटवलं. हिरवा दिसावा म्हणून ती इतकी आसुसली होती, की तिला दुसरं काही बघायचंच नव्हतं. दिवा लागावा तसा एकेक बुडबुडा आतून उजळला आणि तिने अख्खी प्रयोगशाळा गोळा केली.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "लाल रंग कुठे आहे?"

लाल घालून पुन्हा करावं लागलं. दुपारी बघितलं तर हिरव्याच्या मागोमाग लालही आत येऊन बसलेला. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. चूक लगेच सापडली. घाईत साखर कमी पडून बाहेरचं पाणी फार पातळ झालं होतं. त्यामुळे पाणी आत घुसलं, बुडबुडे फुगले, कातडं फाटलं, वाट्टेल ते आत शिरलं, आणि कातडं पुन्हा सांधलं. बाहेरून बघावं तर बुडबुडा होता तसाच गोल गरगरीत.

"आत आलं खरं, ताई," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण दारातून नाही आलं. फाडून आणलंत तुम्ही."

ती काचा धुवायला म्हणून बेसिनपाशी गेली आणि नळ मोठा सोडून रडली. सरांना वाटलं, प्रयोग फसला म्हणून.

संध्याकाळी घरी आली तोच धाकट्या बहिणीचा फोन. बहीण म्हणजे सल्ल्यांची खाण. म्हणाली, अगं, पाय घसरून पडले म्हणून कळव, बघ कशी धावत येते पोरगी. येईल, हे बुडबुडेवालीलाही ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर तिने लेकीला लिहायलाही घेतलं. 'पाय' एवढं लिहून झालं आणि बोट तिथेच थांबलं. तिने ते पुसलं. मग पुन्हा माफीचं मोठं काहीतरी लिहिलं, तेही पुसलं. शेवटी दोनच शब्द राहिले, तेवढेच पाठवले.

"जेवलीस का?"

ती कपडे बदलून आली, टॉवेलची घडी घातली, मोडून पुन्हा घातली. मग फोनवर निरोप आला.

"हो. तू?"

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं, आईने जेवण टाळलेलं कुठल्या लेकीला आवडतं? पण तिने खरं तेच लिहिलं. "नाही अजून. तब्येत बरी आहे माझी."

या खेपेला उत्तर लगेच आलं.

"आधी जेव. मग फोन कर."

बुडबुडेवालीने शेगडी पेटवली, सकाळचं होतं ते गरम केलं आणि शेवटच्या घासापर्यंत सगळं जेवली.