कापसाशी माझी कट्टी

दारव्ह्याच्या स्टँडवरून जीप सुटली तेव्हा मी अशी रडले, जशी काही अमेरिकेलाच निघाले होते. निघाले होते यवतमाळला! मांडीवर अंथरुणाचं गाठोडं, अंगावर गुळगुळीत गुलाबी नायलॉनची साडी. नवरा वारल्यावर तीन हंगाम मी एकटीनं शेत केलं. दोनदा अळीनं बोंडं खाल्ली, तिसऱ्यांदा पिकलं तर भाव नाही. म्हणून या शहाणीनं कापसाशीच कट्टी केली. सुती लुगडी सगळी मायकडे टाकली.

"कापसाले कायले शिव्या देतं वं? आंग त्यानंच झाकलं तुयं," माय म्हणाली. दोन्ही लेकरं तिच्याचजवळ ठेवली होती. खोली मिळाली की नेते, असं सांगून.

कारखान्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनायच्या. मी झाडू मारायची. कारखान्याची खोली मिळायची ती वेल्डरला, झाडूवालीला नाही. मग मी फोरमनच्या मागेच लागले. वैतागून त्यानं एकदाचं वेल्डिंग करायला बसवलं, आणि पहिल्याच दिवशी ठिणगी माझ्या पदरावर! नायलॉन वितळून दंडाला चिकटलं. माझी बोंब गेटपर्यंत गेली.

फोरमन धावत आला. "बाई, लग्नाले आली काय? उद्यापासून सुती घालून ये, नाही तर झाडू घे!"

झाडू म्हणजे लेकरं तिकडेच. नाक मुठीत धरून मायला निरोप धाडला, सुती काही पाठव म्हणून. चौथ्या दिवशी जीपवाला गेटवर गाठोडं घेऊन हजर. आत मायनं स्वतःच्या लुगड्याचा हातानं शिवलेला, लांब बाह्यांचा शर्ट. आणि तो मेला सगळ्यांसमोर ओरडला, "मावशी, तुमच्या मायनं इचारलं हाय, कट्टी सुटली काय?"

सुटली! तो शर्ट चढवून मी जोड मारू लागले. पहिला जोड गोवरी थापल्यासारखा. फोरमननं हातोडा हाणला तसा तुटला. दुसराही तुटला. किती तुटले, मोजलेच नाहीत. एके दिवशी हातोडाच उडाला, जोड जागचा हलला नाही. दिवाळीच्या आत खोली मिळाली, आणि लेकरं आली.

गावातून निघणाऱ्या पोरींनो, रुसून निघायचं तर खुशाल निघा, पण मायचं गाठोडं तेवढं घ्या. आता माय नाही. नातवंडं विचारतात, "आजी, तुझं घर कुठलं?" मी पेटीतून तो शर्ट काढून दाखवते. ठिणग्यांनी पार चाळण झालीय त्याची, पण माझ्या कातडीला त्यानं काही चिकटू दिलं नाही. दंडावर एकच डाग आहे. तो गुलाबी साडीचा.