खोल्यांना घरं म्हणणाऱ्या बाई

जुहूच्या त्या हॉटेलात सफाईच्या बायकांवर देखरेख करणाऱ्या यशोधराबाई खोल्यांना 'घरं' म्हणत. तसं म्हणणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. तिथल्या सफाईकामाचा अभ्यास करणाऱ्या संशोधिका गंधालीने त्यांच्या मुलाखतीतून नाव वगळलं, बोलणं मात्र शब्दशः ठेवलं. हॉटेलच्या सभागृहात सगळ्यांसमोर अहवाल मांडताना तिने ते वाचून दाखवलं : "एकीला सोळा घरं दिली, की चादर बदलली जात नाही, नुसती उलटली जाते."

यशोधराबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ही नोकरी गेली, तर जोगेश्वरीतल्या संसाराला दुसरा आधार नव्हता.

"कोण बोललं हे?" नुकतेच रुजू झालेले व्यवस्थापक गरजले.

"नाव सांगता येणार नाही, सर," गंधाली पुटपुटली.

व्यवस्थापक बायकांकडे वळले. "काय गं शीतल, खोल्यांना घरं कोण म्हणतं?"

यशोधराबाईंनी डोळे मिटले. सकाळीच त्यांनी शीतलला चारचौघींत झापलं होतं.

"आम्ही सगळ्याच म्हणतो ना, सर," शीतल म्हणाली. "फक्त बाईंना आवडत नाही. ओरडतात आम्हाला."

बायकांनी माना डोलावल्या. व्यवस्थापकांनी विषय सोडला. यशोधराबाईंची मात्र ती वर्षानुवर्षांची सवय होती; तो शब्द एकदा जरी तोंडून निसटला, तर आता त्यांच्यासोबत शीतलही बुडणार होती.