तुतीच्या डागाची साक्ष

माझ्या सासूबाई माणसांपेक्षा डाग जास्त ओळखतात. बाहीवरचं हे रक्त की गंज, कॉलरवरचा हा घाम की तेल, एकदा बोट फिरवलं की सांगून मोकळ्या. समोर डाग असेल तर त्यांना घास गिळवत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला भरल्या ताटावरून उठवलं होतं, कारण काय, तर माझ्या बाहीवर चहा सांडला होता. मी ते अजून विसरलेले नाही.

आमची लाँड्री म्हणजे घराची पुढची खोली. मागच्या अंगणात चार तारा आणि त्यांवर इस्पितळाच्या चादरी. घर चालायचं ते या चादरींवर. कुंपणापलीकडे हेडमास्तर राहतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण शाळा सुटल्याचं त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. त्यांच्या तुतीच्या फांद्या आमच्या तारांवर आल्या होत्या. तुती पिकली की चादरींवर जांभळा मारा.

"फांद्या तेवढ्या छाटून घ्या हो," सासूबाई आधी गोडीत म्हणाल्या.

"तारा तेवढ्या हलवून घ्या हो," हेडमास्तर त्यांच्याच सुरात म्हणाले.

हलवणार कुठे, डोंबल? अंगणात ऊन येतं तेच मुळी तेवढ्या पट्ट्यात. सासूबाईंनी कोयता उचलला, तर दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या वकिलाची नोटीस दारात. मग आम्हीही वकील गाठला. फांद्या हद्दीपर्यंत छाटाव्यात, असा दावा लावला आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. बोलणं म्हणजे सरळ बोलणं. कुंपणाकडे तोंड करून भांड्यांना शिव्या देणं दोन्हीकडे चालू होतं, आणि खरं सांगते, त्यात मला मजा यायची.

तीन हंगाम नुसत्या तारखा पडल्या. तेवढ्यात इस्पितळाचं पत्र आलं. डागाची चादर पुन्हा आली तर काम दुसऱ्याला. सासूबाईंनी ते पत्र चारदा वाचून घडी करून कनवटीला लावलं. मला तेव्हा त्यांची पहिल्यांदा दया आली.

साक्षीची तारीख लागली तेव्हा वकील म्हणाले, "डागाळलेल्या चादरी आणा. पुरावा लागेल."

"त्या कुठल्या? धुतल्या की," सासूबाई म्हणाल्या.

"सगळ्या?"

"मग काय तशाच ठेवायच्या? कच्ची तुती चोळली की पिकलीचा डाग जातो."

वकिलांनी कपाळाला हात लावला. तीन वर्षांचा पुरावा या बाईने स्वतःच्या हाताने, त्याच झाडाच्या कच्च्या तुतीने साफ केला होता!

यंदाचे डाग तरी पडतील म्हणून आम्ही वाट पाहत बसलो. पण हेडमास्तर काय कमी? तारखेच्या आठ दिवस आधी शिडी लावून त्यांनी आमच्या बाजूची एकूण एक तुती तोडून नेली. चादरी पांढऱ्या फटक. माझ्या अंगाची आग झाली. तारखेच्या आदल्या दुपारी सासूबाई इस्पितळात कपडे पोचवायला गेल्या तेव्हा मी पावत्यांवरच्या शिक्क्याचं पॅड काढलं, जांभळ्या शाईवर पाणी टाकलं आणि आमच्याच दोन जुन्या चादरींवर बोटाने शिंतोडे उडवले. सकाळी गठ्ठा बांधून परस्पर वकिलांच्या हातात दिला. त्यांना सांगितलं, आत्ताच पडलेत.

कोर्टात हेडमास्तरांच्या वकिलाने चादर उलगडली. "बाई, हे डाग या झाडाच्या तुतीचेच ना?"

'हो' म्हणायचं होतं, बस. एक अक्षर. सासूबाईंनी चष्मा पुसला, चादर खिडकीच्या उजेडात धरली, डागावर बोट फिरवलं, वास घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुतीच्या डागाला कडा असते. ही शाई आहे."

"कुठली शाई?" न्यायाधीशांनी विचारलं.

त्यांनी मान वळवली आणि भरल्या कोर्टात नेमकं माझ्याकडे पाहिलं. मी हात पदराखाली घेतले.

"आमच्याच दुकानातली," त्या म्हणाल्या.

दावा फेटाळला गेला. बनावट पुराव्याबद्दल आम्ही सगळ्यांनी खाली मान घालून बोलणी खाल्ली. हेडमास्तर जिना उतरताना म्हणाले, "निदान सासू तरी खरं बोलते." मी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या हंगामात चादरींवर पुन्हा तुती पडली, घाईत एक चादर डागासकट गेली आणि इस्पितळाचं काम गेलं. आता आम्ही आजूबाजूचे कपडे घेतो, कसंबसं भागतं. त्या दिवशी कोर्टातून घरी आल्यावर मी रडून, ओरडून विचारलं होतं, "आई, एक हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? मी तुमच्यासाठीच केलं ना?"

त्या चादरी भिजवत होत्या. "डाग खोटा सांगितला," त्या म्हणाल्या, "तर उद्यापासून माझं बोट काय कामाचं?"

पुढे त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मला टाकून बोलल्या नाहीत, चारचौघांत माझं नाव घेतलं नाही. फक्त रोज सकाळी कपड्यांचे दोन ढीग करतात. रंगीत माझ्यापुढे सरकवतात. पांढऱ्याला मला हात लावू देत नाहीत.