फ्रीव्हीलमधलं खोबरेल

आयर्लंडमधल्या डंडॉकला आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी सायकल घेतली आणि घरी सांगितलं की कॉलेज लांब आहे, बस वेळेवर येत नाही. दोन्ही खरं होतं. पण सायकल घेण्याचं कारण ते नव्हतं. कोर्स संपवून निघालेल्या एका मुलीने ती आपल्या दाराबाहेर विकायला उभी केली होती. मागचा ब्रेक लागत नव्हता, चेनवर गंज चढला होता, आणि मला ती सोडून पुढे जाता येईना.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. कराडच्या पुढे, एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला. शाळा सुटली की मी दुकानाच्या पायरीवर बसून गृहपाठ करायचे. समोर अण्णांची पाठ असायची. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून ते बुडबुडे कुठून येतात ते बघायचे, आणि मी वहीतून मान वर करून तेच बघायचे. सहावीत असताना एकदा ते चहाला गेले तेव्हा मी एका गिऱ्हाइकाचं सैल पॅडल पान्ह्याने आवळलं. चांगलं आवळलं होतं, असं मला अजूनही वाटतं. अण्णा आले, माझे हात बघितले आणि मला नळावर नेऊन कपडे धुण्याच्या पावडरीने ते घासले, अगदी नखांच्या कडांपर्यंत. रागावले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पान्ह्यांची पेटी वरच्या फळीवर गेली.

“तू पुस्तक बघ,” एवढंच म्हणाले.

मी पुस्तक बघितलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मग इंजिनिअरिंग, मग इथलं मास्टर्स. आई शेजारणींना सांगते की पोरगी मोठ्या परीक्षेला गेली आहे. ते चुकीचंही नाही.

त्यामुळे झालं असं की सायकलवाल्याची मुलगी असून पंक्चर काढायला मी अनोळखी माणसांचे व्हिडिओ बघून शिकले. पहिल्या पंक्चरला अख्खी दुपार गेली. सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं असतं, हे मला माहीत होतं, कारण अण्णा त्या वेळात कान खाजवायचे. पण किती वेळ, ते कधी मोजलं नव्हतं. मी घाई केली आणि ठिगळ सुटलं. दुसऱ्यांदा मीही थांबले.

मग सवयच लागली. सकाळी सायकलने कॉलेज, संध्याकाळी परत, आणि शनिवारी काहीतरी उघडायचं. ब्रेकची केबल बदलली. सीट आपल्या उंचीला आणली. इथे पाऊस पडतो असं म्हणण्यापेक्षा हवाच ओली असते, चेन दोन दिवसांत लालसर दिसायला लागते. ती कापडात धरून पॅडल उलटं फिरवायला मला आवडतं. असाइनमेंट अडली की मी तेच करते. याला छंद म्हणावं का, मला कळत नाही. घरी हा शब्द आम्ही फक्त निबंधात लिहायचो.

मी एका ताईंच्या घरात खोली घेऊन राहते. त्या पुण्याच्या, इथल्या ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीत इंजिनिअर. थंडीत मी सायकल दुरुस्तीसाठी स्वयंपाकघरात आणते, हे त्यांनी चालवून घेतलं, पण गप्प बसून नाही. इथल्या लोकांसारखं त्याही कपाटाला ‘प्रेस’ आणि ठीक आहे म्हणायला ‘ग्रँड’ म्हणतात.

“अगं, हे किचन आहे की गॅरेज? आणि तो काळा फडका प्रेसमध्ये कोणी ठेवला? तिथे पोहे आहेत माझे.”

“सॉरी ताई, धुवायला टाकते.”

“माझ्या कपड्यांबरोबर टाकू नकोस म्हणजे झालं. बाकी, इट्स ग्रँड.”

अण्णांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. फोन रोज व्हायचा. मी आधी हात घासून घ्यायचे, आणि मोबाइल असा धरायचे की सायकल दिसणार नाही. का लपवत होते? ज्या कामापासून त्यांनी मला इतकी वर्षं लांब ठेवलं, तेच मी इतक्या दूर येऊन हौसेने करते आहे, हे ऐकून त्यांना काय वाटेल, याची मला भीती होती. आपले कष्ट वाया गेले, असं त्यांना एक क्षणभरही वाटू नये. आणि तरीही त्यांनीच मला शिकवावं, असं वाटत होतं. व्हिडिओतली माणसं छान समजावून सांगतात, पण ती अण्णा नाहीत. विचारायचं तर आधी सांगायला हवं होतं, आणि सांगायचं धाडस होत नव्हतं.

जानेवारीत मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमधून खरखर यायला लागली. पाय थांबवले तरी चाक फिरत राहावं म्हणून जो दातेरी भाग असतो, तो. तेल सुकलं असणार, असं वाटलं. माझी चेनच्या तेलाची बाटली संपली होती. घरात होतं ते आईने बॅगेत कोंबलेलं खोबरेल. आमच्याकडे दाराच्या बिजागरीला, कडीला, आईच्या शिलाई मशीनला, सगळ्याला खोबरेलच. कधी काही बिघडलं नाही. मग इथे काय होणार होतं?

बाटली गोठलेली होती. केसांना लावायच्या आधी ती मी रेडिएटरवर ठेवतेच, तशी ठेवली. तेल पातळ झाल्यावर सायकल आडवी करून फ्रीव्हीलच्या फटीत भरपूर सोडलं. चाक फिरवून बघितलं. खरखर गेली, नाजूक टिकटिक तेवढी राहिली. मी स्वतःवर खूश झाले. सायकल मागच्या शेडमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, समुद्राकडच्या रस्त्याला निघाले. गवतावर पांढरं दव होतं. सुरुवातीला सायकल छान ओढत होती. मग एक उतार आला, मी पाय थांबवले आणि वाऱ्यासारखी खाली आले. खाली येऊन पॅडल मारलं, तर ते रिकामंच फिरलं. पुन्हा मारलं. चेन जागेवर, तुटलेली नाही, पॅडल गरगर फिरतंय आणि सायकल आहे तिथेच. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “गिअर गेले वाटतं, पोरी.” या सायकलला गिअर नव्हतेच. मी थँक्यू म्हटलं आणि तिला ढकलत तासभर चालत घरी आले.

स्वयंपाकघरात सायकल उलटी करून ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. व्हिडिओ शोधता आला असता. तिकडे तेव्हा दुपारचे साडेचार झाले असतील, अण्णा दुकानात असतील. मी हात न घासताच फोन लावला.

“अण्णा, एक विचारू? फ्रीव्हील दोन्हीकडे रिकामं फिरतंय.”

“कुणाचं?”

“माझं.”

पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “फोन चाकाजवळ धर. आता फिरव. सावकाश.”

मी फिरवलं.

“टिकटिक न्हाय येत. आधी ओढत हुती, आन उतारावर पाय थांबवल्यावर सुटली. बराबर?”

“बरोबर.” मी उताराचं त्यांना सांगितलंच नव्हतं.

“आतली कुत्री बसली. दात्यात अडकणारी ती लहान खिटी असती न्हवं, आमी कुत्री म्हणतो तिला. ती वर उठंना झाली. तेल कुठलं घातलंस?”

“खोबरेल.”

“खोबरेल!” अण्णा इतक्या मोठ्याने हसले की फोन खरखरला. “आगं, थंडी किती तिकडं?”

“दोन डिग्री.”

“मग तूप झालं आसंल की त्याचं. कुणी सांगितलं तुला?”

“आई मशीनला घालते ना.”

“तुझ्या आईचं मशीन काय बर्फात हाय का?” अजून हसू थांबत नव्हतं. मग ते थांबलं, आणि मला ज्याची भीती होती तो प्रश्न आला.

“किती दिस झालं हे?”

“सप्टेंबरपासून.”

“सप्टेंबर,” ते म्हणाले. “आभ्यास?”

“होतोय, अण्णा. शप्पथ होतोय. मी फक्त शनिवारी—”

तेवढ्यात कुणीतरी गिऱ्हाईक आलं. अण्णांनी फोन बहुतेक स्टुलावर ठेवला, बंद केला नाही. हवा भरायच्या पंपाचा आवाज आला.

“कोण, पोरगी का?” गिऱ्हाइकाचा आवाज.

“व्हय. सायकल उघडून बसलीया तिकडं.”

“आयर्लंडला जाऊन पान्हाच धरला म्हणा की पोरीनं!”

हेच वाक्य कुणीतरी त्यांना ऐकवेल, म्हणून तर मी इतके महिने लपवलं होतं.

“धरू दे की,” अण्णा म्हणाले. “तुमच्यागत हवा भराय दुसऱ्याच्या दारात तर जायची न्हाय.”

गिऱ्हाईक हसलं. पंप पुन्हा चालू झाला. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडत होते, पण अण्णा परत फोनवर येईपर्यंत नाक पुसून घेतलं.

“हाईस का? रॉकेल मिळतं का तिकडं?”

“अण्णा, इथे घरं रॉकेलवर गरम करतात. पेट्रोल पंपावर त्याचा वेगळा पंप असतो.”

“काय सांगतीस!” मी आजवर आयर्लंडबद्दल सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीचं त्यांना इतकं नवल वाटलं नव्हतं. “मग आधी गरम पाणी सोड, मग रॉकेलनं धू, सगळं खोबरेल निघस्तवर. कोरडं कर. आन मशीनचं तेल, दोन थेंब. दोन म्हंजी दोनच.”

मी कॅन घेऊन पंपावर गेले. काउंटरवरच्या बाईंनी एवढंसं रॉकेल कशाला, असं विचारलं. मी म्हटलं, सायकलला. त्या म्हणाल्या, “ग्रँड.” परत येऊन अंगणात बसून धुतलं. पांढरी दाट साय निघत राहिली, आणि ताई खिडकीतून विचारत होत्या की या तुपातलं पोळ्यांना किती राखून ठेवलंस. फ्रीव्हील कोरडं करून पंपावरूनच आणलेल्या मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. हात गारठून दुखत होते. चाक फिरवलं आणि अण्णांना पुन्हा फोन लावून ऐकवलं.

“हां,” ते म्हणाले. “आता कुत्री जागी झाली.”

तेव्हापासून शनिवारी तेच फोन करतात. अभ्यासाचं विचारतात, मग सायकलचं. मी चाक फिरवते, ते ऐकतात. एकदा मी म्हटलं, मागचं चाक जरा डावी-उजवीकडे हलतंय, ते सरळ करायला, आउट काढायला शिकवा. त्यांनी बराच वेळ समजावलं. कुठला स्पोक किती आवळायचा, बोटाने ताण कसा बघायचा. मी आवळत गेले आणि चाक जास्तच वाकडं झालं. शेवटी ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे. हे कानानं न्हाय कळत मला. तुझ्या बोटावर माझं बोट पायजे.”

मग म्हणाले, “एक नवी रिम आणून ठिवतो. स्पोक, हब, समदं सुटं. तू आलीस की बसू. पहिल्यापास्नं बांधायचं चाक, म्हंजी कळतं.”

“चालेल, अण्णा.”

“मे महिन्यात येतीस न्हवं?”

प्रोजेक्ट ऑगस्टपर्यंत आहे. त्यानंतर नोकरी शोधायची, आणि ती मिळेपर्यंत इथून हलायचं नाही, हे मी केव्हाच ठरवलं होतं, त्यांनाही ते एकदा सांगितलं होतं. कदाचित ते विसरले असतील. कदाचित नसतील.

“बघते,” मी म्हणाले.

मागच्या शनिवारी त्यांनी रिमचा फोटो पाठवला. दुकानातल्या खिळ्याला टांगलेली, चकचकीत, एकही स्पोक नसलेली. मी तो फोटो बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा केला. स्पोकसाठीची रिकामी भोकं मी मोजली, आणि प्रत्येकाशेजारी त्यांचं बोट कसं टेकेल, माझं कुठे असेल, ते बघत राहिले.