मावशीच्या ड्रमला सोल्युशन का चिकटलं नाही

रविवार, संध्याकाळ. बरेच दिवस इथे फिरकले नाही, माफ करा. आज मात्र सांगितल्याशिवाय राहवेना!

मढच्या माझ्या मावशीच्या निळ्या ड्रमला तळाशी तडा गेला होता. तिच्याकडे चार दिवसांनी पाणी येतं आणि साठवायला हा एकच ड्रम. मी मोठ्या विश्वासाने पाइप जोडायचं सोल्युशन लावून दिलं. काल सकाळी ड्रम रिकामा, अंगणात चिखल. "माझ्याच हातून हलला असंल गं," मावशी म्हणाली.

आज ड्रम जुन्नरला आणला. बाजारात बादल्या, खुर्च्या जोडून देणारे एक चाचा बसतात. त्यांनी माझं सोल्युशन नखाने पापुद्र्यासारखं सोललं.

"ताई, हे कुण्या शहाण्यानं लावलं?"

"होता एक," मी म्हटलं.

त्यांनी आपल्या भंगारातला पाइपचा आणि अशाच एका ड्रमचा एकेक तुकडा पाण्यात टाकला. पाइपचा बुडाला, ड्रमचा तरंगला!

"पाइप पीव्हीसीचा, त्याला सोल्युशन धरतं. ड्रम एचडीचा, ह्याला काय बी चिकटत नाय. ह्याच्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरावं लागतं."

एचडी म्हणजे पॉलिथिनचाच प्रकार. त्याची घनता पाण्यापेक्षा कमी, हे मी बी.एस्सी.ला लिहून मार्क मिळवलेत! चाचांनी जुन्या ड्रमची पट्टी तापल्या लोखंडाने तड्यात वितळवली. पाणी भरून मी तासभर बघत बसले. एक थेंब गळला नाही!

शिकलेलं हातात का उतरत नाही? तुमचंही असं होतं का?

उद्याचं काम: मावशीला सांगणे, चूक माझी होती.