विटाळाची साक्ष

१९५७ साल, संक्रांतीची कर. ठाण्यात मी पट्ट्याचे बक्कल घासत होते, तेवढ्यात चोरीची फिर्याद आली. ती केस अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

मंगरूळपीरजवळच्या एका गावच्या तालमीतून हुतूतूची पितळी ढाल गेली होती. ढाल ज्याच्याकडे, तोच संघ दुसऱ्या दिवशी तालुक्याला खेळणार होता. खबऱ्याने सांगितले, ढाल नुकत्याच बौद्ध झालेल्या वस्तीत आहे. घरझडतीला बाईमाणूस लागते, म्हणून फौजदारांनी मला, जमादारणीला, सोबत घेतले.

ढाल लपवलेली नव्हतीच. वस्तीच्या संघाचा कप्तान असलेल्या पोराच्या दारात खुंटीला टांगलेली होती.

"चोरलीस?"

"जितली, बाई. काल सांजच्याले नाल्याच्या वाळूत. पणाले त्यायनंच लावली होती."

तालमीचे वस्ताद हसले. "आमचे पोट्टे यायले शिवत नाहीत. हुतूतू काय दुरून खेळले?"

सगळा गाव वस्तादांच्या बाजूने. ढाल जप्त झाली, पोराच्या हाताला दोरी लागली. तालुक्याचा सामना तर गेलाच, वर कपाळी चोरीचा शिक्का.

जबाब वस्तादांच्या ओसरीवर चालले होते. मी मागच्या परसात गेले. दोरीवर त्यांच्या दोन्ही पोरांचे कपडे होते, दवाने गार. शेजारच्या दोरीवरही तेच. आजचे धुणे अजून कुणी धुतलेच नव्हते, म्हणजे हे कपडे काल सांजेचे.

"आजी, ऐन थंडीत पोरायले सांजच्याले काहून न्हाऊ घातलं?"

वस्तादांची आई तडकली. "मंग काय करू वं? त्या पोट्ट्यायनं तंगड्या धरधरून पाडलं यायले! इटाळ तसाच घरात घेऊ? कपड्यासकट न्हाऊ घातलं, वरून गोमूत्र शिंपडलं!"

तिचा आवाज ओसरीपर्यंत गेला. मी हाक मारली, "साहेब, आजींचा जबाब घ्या."

आजीने तेच पुन्हा ठणकावून सांगितले, अंगठाही दिला. थोरला पोरगा खाली पाहून म्हणाला, "हरलो आमी, बाबा."

पोराची दोरी मी स्वतः सोडली.

माणूस फिर्यादीत खोटे बोलेल, विटाळाच्या बाबतीत नाही. पुढे सगळ्या नोकरीत मी ओसरीआधी परस पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारांच्या हुकमाने मी ढाल तालुक्याच्या मैदानावर नेली. पंचांनी कप्तानाला संघाचे नाव विचारले. मला वाटले, वस्तीचे सांगेल. त्याने छाती काढून अख्ख्या गावाचे नाव सांगितले. मी ढाल त्याच्या हातात दिली आणि गर्दी मागे सारायला काठी उचलली.