आत्याबाईंची सून

लेक चार महिन्यांची झाली तरी तिला उचलून घ्यावंसं वाटेना, म्हणून मी समुपदेशक बाईंकडे गेले. आमच्या पिंपरी पेंढारचं कुणी भेटायला नको म्हणून मुद्दाम मंचर गाठलं. घरी सांगितलं, दाढ दुखतेय.

"इथलं बोलणं इथंच राहील," असं म्हणून बाईंनी लगेच विचारलं, "माहेर कुठलं? सासूबाई कुठल्या?" मला वाटलं, उपचाराचाच भाग असेल. सांगितलं, तर बाई खूश! "अगं, त्या तर आमच्या आत्याबाई! पाहुणे निघालो की आपण!" तिथून 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी मात्र इतकी तुंबलेली होते, की सगळं बोलून गेले.

मी घरी पोचायच्या आत फोन पोचला होता. भाकरी थापता थापता सासूबाई दीर-जावेदेखत म्हणाल्या, "लेकरू नकोसं झालंय व्हय तुला?"

दुसऱ्या दिवशी मी मंचरला गेले ती भांडायलाच. बाईंना माझा राग कळेचना. "अगं, घरचं माणूस म्हणून काळजीनं कळवलं. परक्या कुणाचा एक शब्द मी बाहेर काढत नाही."

अंगाचा तिळपापड झाला. "मग मला परकीच राहू द्यायचं होतंत!" असं ओरडून मी उठले.

बाईंनी ड्रॉवरमधून कुंकवाचा करंडा काढला. "अशी जाऊ नकोस गं. आत्याबाई काय म्हणतील?"